वापरलेली रेंज रोव्हर घेताय? इंजिनाआधी तुमचा रोजचा रस्ता बघा

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पांत हल्ली एक गाडी वारंवार डोकावते. २०१२ च्या अखेरीस बाजारात आलेली, सॉलिहलच्या कारखान्यात बनलेली चौथ्या पिढीची रेंज रोव्हर. गाडीवेडे लोक तिला एल४०५ म्हणतात. नवी असताना सर्वांत स्वस्त डिझेल मॉडेलसुद्धा ७०,००० पौंडांच्या वर होतं. आज तिचीच दहा-बारा वर्षं जुनी बहीण एखाद्या साध्या नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळते. उंच बसायला मिळतं, भारतातून आई-बाबा आले की चार मोठ्या बॅगा मागे सहज मावतात, आणि २००८ पासून कंपनी टाटांची असल्यामुळे मनाला थोडं घरचंही वाटतं.

मग प्रश्न येतो: कुठलं डिझेल इंजिन? तीन लिटरचं व्ही६ की ४.४ लिटरचं व्ही८? एक मित्र म्हणतो, व्ही६ च्या नादी लागू नकोस, क्रँकशाफ्ट तुटतो. दुसरा म्हणतो, व्ही८ म्हणजे पांढरा हत्ती, पोसशील कसा? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण तुम्ही गाडी कुठे आणि किती चालवणार हे दोघांनीही विचारलेलं नसतं.

माझं पीएच.डी. डिझेलच्या काजळीवर झालं, त्यामुळे मी या प्रश्नाकडे गाडीच्या मागच्या टोकाकडून बघते. तिथून पाहिलं तर इंजिनाची निवड बरीचशी एका गोष्टीवर येऊन ठेपते: तुमच्या रोजच्या वापरात एक्झॉस्ट पुरेसा तापतो का? तुमचा खिसा आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांची फुप्फुसं, दोन्हींचा हिशोब या तापमानाशी जोडलेला आहे. कसा, ते पायरी-पायरीने पाहू.

आधी पर्याय समजून घेऊ

या पिढीत ब्रिटनमध्ये प्रामुख्याने तीन प्रकारची डिझेल इंजिनं दिसतात.

पहिलं, तीन लिटरचं व्ही६. सुरुवातीच्या गाड्यांत ते २५८ हॉर्सपॉवर आणि ६०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. नावात टीडीव्ही६ असतं. याचे पूर्वज २००४ च्या सुमारास फोर्ड आणि फ्रान्सच्या पीएसए या समूहांनी मिळून बनवलेल्या २.७ लिटरच्या इंजिनात आहेत.

दुसरं, ४.४ लिटरचं व्ही८, म्हणजे एसडीव्ही८. ३३९ हॉर्सपॉवर, सुरुवातीला ७०० आणि नंतर ७४० न्यूटन-मीटर. कंपनीच्या आकड्यांनुसार व्ही६ गाडीचं वजन २,१६० किलोपासून सुरू होतं, तर व्ही८ चं २,३६० पासून. म्हणजे तीन धडधाकट माणसं कायमची गाडीत बसवल्यासारखं.

तिसरं, २०२० च्या उन्हाळ्यात आलेलं तीन लिटरचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, डी३०० आणि डी३५० या नावांनी. त्याने व्ही६ आणि व्ही८ दोघांचीही जागा घेतली. पण या गाड्या नव्या असल्याने महाग, आणि एल४०५ चं उत्पादन पुढच्याच वर्षी थांबल्याने संख्येने कमी.

तुम्हाला खरंच किती ताकद लागते?

ताकदीचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्रावर होतो. मोटरवेवर ताशी ७० मैल, म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ मीटर वेगाने सपाट रस्त्यावर जाताना इंजिनाला मुख्यतः दोन गोष्टींशी झुंजायचं असतं: हवेचा अडथळा आणि टायरांचा घर्षणविरोध.

या गाडीचा हवेच्या अडथळ्याचा गुणांक कंपनी ०.३४ सांगते. समोरून दिसणारं क्षेत्रफळ साधारण ३ चौरस मीटर धरू. या वेगाला हवा गाडीला सुमारे ६०० न्यूटन बलाने मागे ढकलते. टायरांचा विरोध आणखी २७० च्या आसपास. एकूण ८७० न्यूटन, गुणिले वेग, म्हणजे २७ किलोवॅट. हॉर्सपॉवरमध्ये सांगायचं तर ३७.

३३९ घोडे विकत घ्यायचे आणि मोटरवेवर त्यातले सदतीसच जुंपायचे! बाकीचे तीनशे तबेल्यात चारा खात उभे.

आता कठीण परीक्षा घेऊ. गाडीत माणसं-सामान धरून २,६०० किलो, मागे १,६०० किलोची कॅराव्हॅन, ताशी ६० मैल वेग, आणि शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता. नुसता चढ चढायला ६६ किलोवॅट लागतात. कॅराव्हॅनसकट हवा आणि टायर यांचे ढोबळमानाने ४० धरा. बेरीज १०६ किलोवॅट, म्हणजे १४४ हॉर्सपॉवर. व्ही६ कडे २५८ आहेत. म्हणजे ताकद कमी पडेल या भीतीने व्ही८ घ्यायची गरज जवळपास कुणालाच नाही.

मग व्ही८ चा उपयोग काय? तेच काम तो कमी ताणात करतो. हा ताण मोजण्याची एक सोपी पद्धत आहे.

लिटरमागे टॉर्क: जाहिरातीत नसलेला आकडा

इंजिनाचा कमाल टॉर्क त्याच्या आकारमानाने भागा. येणारा आकडा सिलिंडरमध्ये पिस्टनवर सरासरी किती दाब पडतो त्याच्या प्रमाणात असतो. पिस्टनवरचा दाब कनेक्टिंग रॉडमधून क्रँकशाफ्टवर आणि शेवटी बेअरिंगवर येतो. म्हणजे हा आकडा इंजिनाची हाडं किती भार वाहतात याचा ढोबळ अंदाज देतो.

मूळच्या २.७ लिटर इंजिनाचा टॉर्क ४४० न्यूटन-मीटर होता: लिटरमागे १६२. त्याच घराण्यातल्या तीन लिटरचा ६००: लिटरमागे २००. पुढे याच तीन लिटरच्या एसडीव्ही६ रूपातून ७०० काढले गेले: लिटरमागे २३४. आणि ४.४ लिटर व्ही८ चे ७००? लिटरमागे फक्त १६०. त्याची ७४० वाली आवृत्तीसुद्धा १६९ वर थांबते.

व्ही६ च्या क्रँकशाफ्टबद्दलच्या तक्रारी ब्रिटनमधल्या गॅरेजवाल्यांना चांगल्याच माहीत आहेत. बेअरिंग जागेवरून सरकतं, ऑइलची वाट बंद होते, आणि काही वेळा क्रँकशाफ्टच तुटतो. तसं झालं की इंजिन बदलण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही आणि खर्च दहा हजार पौंडांच्या घरात जातो. म्हणजे जवळपास गाडीच्या किमतीएवढा. असं सगळ्याच गाड्यांचं होतं असं मुळीच नाही. दीड लाख मैल बिनतक्रार चाललेली व्ही६ इंजिनंही रस्त्यावर भरपूर आहेत. पण घरातली साठवलेली रक्कम लावायची असेल तर धोका कुठे बसला आहे ते ठाऊक हवं.

भूमितीही थोडी व्ही६ च्या विरोधात आहे. दोन रांगांमध्ये ६० अंशांचा कोन असलेल्या व्ही६ मध्ये सहाही सिलिंडर समान अंतराने पेटायला हवे असतील, तर समोरासमोरच्या दोन पिस्टनना एकच क्रँकपिन वापरता येत नाही. दोन पिन एकमेकींपासून ६० अंश सरकवून बसवाव्या लागतात आणि त्यांच्यामध्ये धातूचा पातळ दुवा येतो. ९० अंशांच्या व्ही८ मध्ये दोन पिस्टन एक पिन सुखाने वाटून घेतात. मुख्य बेअरिंगही मोजा: व्ही६ ला चार, व्ही८ ला पाच, आणि सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरला सात. डी३५० सुद्धा लिटरमागे २३४ पर्यंत जातो, पण त्याचा क्रँकशाफ्ट प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना पेललेला असतो.

आता त्या बेअरिंगच्या आत डोकावू. फिरणारा क्रँकशाफ्ट बेअरिंगला प्रत्यक्षात टेकत नाही. तो ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो. जास्तीत जास्त भाराच्या क्षणी या पापुद्र्याची जाडी एखाद्या मायक्रॉनपर्यंत खाली येते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. धातू आणि धातूमध्ये केसाच्या सत्तराव्या भागाएवढं ऑइल, आणि त्याच्यावर तुमचे सगळे पैसे! ऑइल पातळ झालं किंवा त्यात कचरा साठला की हा पापुद्रा फाटतो.

ऑइल पातळ कशाने होतं? त्याचं उत्तर मागच्या टोकाला, माझ्या आवडत्या काजळीत आहे.

फिल्टर, काजळी आणि ६०० अंश

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तीत फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ साली आउग्सबुर्गला अधिकृत चाचणी झाली तेव्हा त्याने इंधनातली २६ टक्के ऊर्जा कामात आणली. त्या काळी हा चमत्कार होता. आजची गाड्यांची डिझेल इंजिनं सर्वोत्तम स्थितीत ४० टक्क्यांच्या वर जातात.

या यशाची दुसरी बाजू अशी की जी ऊर्जा कामात गेली ती एक्झॉस्टमधून बाहेर पडत नाही. शिवाय डिझेल इंजिन हलक्या भाराला गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं. ती जादा हवा एक्झॉस्ट आणखी थंड करते. शहरातल्या रांगेत सरकताना डिझेलचा एक्झॉस्ट दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळतो.

एक्झॉस्टच्या वाटेवर काजळी अडवणारा सिरॅमिकचा फिल्टर बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला डीपीएफ म्हणतात. तो ९५ टक्क्यांहून अधिक कण पकडतो. साहजिकच तो भरतो. भरला की साठलेली काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान हवं.

दोनशेवरून सहाशेवर जायचं कसं? मोटरवेवर लांब चाललात तर एक्झॉस्ट मुळातच बराच गरम असतो आणि काही काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. बाकीची जाळायला गाडीचा संगणक एक युक्ती करतो. पिस्टन खाली जाताना तो थोडं जादा इंधन फवारतो. हे इंधन सिलिंडरमध्ये उपयोगी न पडता पुढे जाऊन जळतं आणि फिल्टर तापवतं. दहा-वीस मिनिटं सलग चालवलं की काम फत्ते.

आता तुमचा दिनक्रम बघा. सकाळी दीड मैलावरच्या शाळेत मुलांना सोडलं, तिथून स्टेशन, संध्याकाळी उलटा प्रवास, शनिवारी टेस्को. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. संगणक फिल्टर जाळायला सुरुवात करतो, तोच तुम्ही घरी पोचता आणि गाडी बंद करता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दर प्रयत्नात फवारलेल्या जादा इंधनातलं थोडं सिलिंडरच्या थंड भिंतीवरून ओघळत पिस्टनच्या रिंगांमागून खालच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं.

इथे दोन धागे जुळतात. मागचा फिल्टर नीट जळत नाही म्हणून पुढचं ऑइल पातळ होतं, आणि त्याच पातळ ऑइलवर लिटरमागे २०० न्यूटन-मीटर पेलणारं बेअरिंग तरंगत असतं. 'क्रँकशाफ्ट का तुटला?' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक गाडीत वेगळं असू शकतं. पण छोट्या फेऱ्या आणि लांबवलेले ऑइल-बदल या इंजिनाला जगायला मदत करत नाहीत, हे नक्की.

मग व्ही८ घेतला की सुटलो? नाही. मोटरवेवरचे तेच २७ किलोवॅट जेव्हा तीन लिटरऐवजी ४.४ लिटरचं इंजिन देतं, तेव्हा त्याच्यावरचा भार आणखी हलका पडतो आणि एक्झॉस्ट आणखी थंड राहतो. शहरात तर विचारूच नका. बेअरिंगच्या बाबतीत व्ही८ निवांत आहे, पण फिल्टरच्या बाबतीत छोट्या फेऱ्यांना तो व्ही६ पेक्षाही वाईट ठरू शकतो. तबेल्यातल्या तीनशे घोड्यांचा खर्च हा असा येतो.

शाळेच्या फाटकाशी

इथवर पैशांचं बोललो. आता हवेचं.

जास्त तापमानाला हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड्स बनतात. युरोपच्या नियमांत डिझेल गाड्यांसाठी त्यांची मर्यादा युरो ५ ला किलोमीटरमागे १८० मिलिग्रॅम होती. युरो ६ ने ती ८० वर आणली. ती गाठण्यासाठी या वर्गातल्या गाड्यांना ॲडब्लू लागतं, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी. एक्झॉस्टमध्ये फवारलेल्या युरियापासून अमोनिया बनतो आणि उत्प्रेरकावर तो नायट्रोजन ऑक्साइड्सचं साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो.

पण हा उत्प्रेरकही सुमारे २०० अंशांखाली आळशी असतो. म्हणजे थंड गाडी घेऊन शाळेच्या दारात पोचता, त्या दहा मिनिटांत सगळ्यात महागडी शुद्धीकरण यंत्रणा नीटशी जागीच झालेली नसते. कागदावरची युरो ६ गाडी नेमकी जिथे मुलं उभी असतात तिथे युरो ६ सारखी वागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या गटात टाकलं. लंडनच्या लुइशम भागात, वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही दम्याची रुग्ण २०१३ मध्ये नवव्या वर्षी गेली. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने तिच्या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाने हातभार लावल्याचं नोंदवलं. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची मुलं अशाच रस्त्यांवरून शाळेत जातात. गाडी निवडताना या मुलांना हिशोबाबाहेर ठेवता येत नाही.

खर्चाचा खरा फरक

आता पांढऱ्या हत्तीचं वजन करू. २०१३ च्या सुमाराच्या गाड्यांचे अधिकृत आकडे असे: व्ही६ किलोमीटरमागे १९६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, व्ही८ २२९ ग्रॅम. एक लिटर डिझेल जळलं की २.६४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वर्षाला १०,००० मैल चालवलंत तर फरक ५३० किलोचा, म्हणजे २०० लिटर डिझेलचा. लिटरला दीड पौंड धरला तरी वर्षाला ३००. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या अधिकृत आकड्यांपेक्षा जास्त पितात, त्यामुळे फरक थोडा वाढेल, पण हजारोंच्या घरात जाणार नाही.

रस्ता-कराचं बघा. मार्च २००१ ते मार्च २०१७ दरम्यान नोंदलेल्या गाड्यांचा कर कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. १९६ ग्रॅमची व्ही६ 'जे' पट्ट्यात बसते, २२९ ची व्ही८ 'एल' मध्ये. अलीकडच्या दरांनी हा फरक वर्षाला ३०० पौंडांहून जास्त पडतो. १ एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या गाड्यांना दुसऱ्या वर्षापासून सरसकट एकच दर आहे. तेव्हा किंमत ४०,००० पौंडांवर असेल तर पाच वर्षं अधिभार लागे, पण तेवढी वर्षं उलटलेल्या गाडीला तोही नाही. म्हणजे २०१७ नंतरची जुनी व्ही८ कराच्या दृष्टीने व्ही६ एवढीच.

या दोन्हींपेक्षा मोठा खड्डा तिसरीकडे आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचं युलेझ क्षेत्र सगळ्या बरोंमध्ये पसरलं. युरो ६ नसलेल्या डिझेल गाडीला दिवसाला १२.५० पौंड. वर्षातून २०० दिवस गाडी काढलीत तर २,५०० पौंड. बर्मिंगहॅममध्ये दिवसाला ८, ब्रिस्टलमध्ये ९. ग्लासगो आणि एडिंबरात पैसे भरून आत जायची सोय नाही, थेट दंड. सगळ्या नव्या गाड्यांना युरो ६ ची सक्ती सप्टेंबर २०१५ पासून झाली, पण त्याआधीच्या काही महिन्यांत दोन्ही प्रकारच्या गाड्या विकल्या गेल्या. म्हणून २०१४-१५ ची गाडी बघत असाल तर विक्रेत्याच्या शब्दावर राहू नका. तिचा नंबर ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

तर मग कुठलं घ्यायचं?

तुमच्या आठवड्यावरून ठरवा.

आठवड्यातून दोन-तीनदा सलग तासभर मोटरवे, वर्षाला १०-१२ हजार मैल, कॅराव्हॅन नाही: व्ही६ पुरेसा आहे. ऑइल वेळेवर बदललेलं असेल आणि पुढेही बदलणार असाल तरच. कंपनीच्या पुस्तकात ऑइल-बदलाची मुदत लांब असते. अनेक अनुभवी मेकॅनिक ती निम्म्यावर आणायला सांगतात, आणि पापुद्र्याची जाडी पाहता मला ते पटतं. या इंजिनाचा पुढचा टायमिंग बेल्ट आणि मागचा इंधन-पंपाचा बेल्ट बदलले आहेत का तेही विचारा.

वर्षभर जड ट्रेलर, घोड्यांची गाडी किंवा बोट ओढणार, डोंगराळ भागात राहणार, लांब चालवणार: इथे व्ही८ चे जादा पैसे सार्थकी लागतात. इंजिनाला पुरेसं काम मिळतं, एक्झॉस्ट तापतो, आणि बेअरिंगवरचा भार कमी राहतो. मात्र पार्ट्स आणि मजुरी व्ही६ पेक्षा महाग पडेल हे गृहीत धरा.

पैसे जास्त घालायची तयारी आहे आणि लांब चालवता: २०२० नंतरचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडर इंजिन. नायट्रोजन ऑक्साइड्सची चाचणी सप्टेंबर २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावरही द्यावी लागते. त्यामुळे हवेच्या दृष्टीनेही या गाड्या उजव्या.

आणि दिवसाला चार मैल, शाळा-स्टेशन-टेस्को, महिन्यातून एकदा लेस्टरला नातेवाइकांकडे: या तिघांपैकी एकही नाही. असं आयुष्य कुठल्याच मोठ्या डिझेलला मानवत नाही. रेंज रोव्हरच हवी असेल तर पेट्रोल आणि बॅटरी दोन्ही असलेली पी४००ई बघा. छोट्या फेऱ्या ती विजेवर करते. नाहीतर वेगळीच गाडी. तुमच्या मनातल्या गाडीला मी नाही म्हणतेय हे मला कळतं, पण दहा हजार पौंडांचं इंजिन बदलण्यापेक्षा हे ऐकणं स्वस्त आहे.

गाडी बघायला जाण्याआधी घरबसल्या

ब्रिटनमध्ये एक उत्तम सोय फुकट आहे. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तिचा सगळा एमओटी इतिहास दिसतो, दर वर्षीच्या मैलांसकट. दोन वर्षांच्या आकड्यांची वजाबाकी करा. वर्षाला ३,००० मैल निघाले तर ती गाडी बहुधा शाळेच्या फाटकापाशीच वाढलेली आहे.

आपल्याकडे 'कमी चाललेली गाडी चांगली' असं म्हणायची सवय आहे. डिझेलच्या बाबतीत ही सवय सोडा. दहा वर्षांत ३५,००० मैल शहरात रांगलेल्या गाडीपेक्षा १,१०,००० मैल मोटरवेवर धावलेली, ऑइल-बदलाची सगळी बिलं जपलेली गाडी मी आधी बघायला जाईन. तिचा फिल्टर वेळोवेळी नीट जळलेला असण्याची शक्यता जास्त.

प्रत्यक्ष बघताना गाडी थंड असू द्या. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या असं सांगा. सुरू करताना खालून येणारी ठकठक ऐका. ऑइलची पातळी कमाल खुणेच्या वर गेलेली असेल तर खूश होऊ नका. त्यात डिझेल मिसळलेलं असू शकतं. स्वतंत्र मेकॅनिकला सोबत न्या आणि संगणकातून फिल्टरमधली काजळी आणि राख किती साठली ते वाचून घ्यायला सांगा. काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती साठतच जाते. आणि 'फिल्टर काढून टाकलाय, आता काही त्रास नाही' असं कुणी अभिमानाने सांगितलं तर तिथूनच परत फिरा. फेब्रुवारी २०१४ पासून तसली गाडी एमओटीत नापास होते, आणि तिचा सगळा धूर मागून चालणाऱ्यांच्या छातीत जातो.

एवढं करून झालं की एक शेवटचं काम. घरातल्या कॅलेंडरवर गेल्या चार आठवड्यांतले सगळे प्रवास लिहून काढा: किती मैल, सलग किती मिनिटं. ज्या आठवड्यात एकदाही सलग अर्धा तास मोठ्या रस्त्यावर गेला नाहीत त्यावर लाल खूण करा. चारपैकी तीन आठवडे लाल निघाले, तर व्ही६ की व्ही८ हा वाद मित्रांवर सोडा आणि डिझेलच्या जाहिराती बघणं बंद करा.